घराच्या नावाने आलेले पत्र

मित्रांनो, तुमचे पत्र माझ्या दाराच्या फटीतून आत पडले, तेव्हा लोकर चौकातल्या लिंडनच्या झाडांची पाने पिवळी पडू लागली होती. आता ती पुन्हा पिवळी पडत आहेत. म्हणजे तुम्हाला उत्तराची वाट पाहत वर्ष झाले. तुमच्यापैकी काही जण एव्हाना वाट पाहायचे विसरलेही असतील. तसे झाले असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही.

मी एक जुने घर आहे. मार्सनुआ गावच्या लोकर चौकात, उगेतबाईंच्या बेकरीला लागून जे राखाडी, सपाट, तोंड नसलेले घर आहे, ते मी. तुम्ही रोज शाळेत जाताना माझ्यासमोरून जाता. बस वळताना माझ्या कोपऱ्याला घासते, तेव्हा तुम्ही हसता. मलाही तुमचे हसणे आवडते. बसचे घासणे तेवढे आवडत नाही.

लिफाफ्यावर तुम्ही लिहिले होते, "राखाडी घर, लोकर चौक, मार्सनुआ." माणसाचे नाव लिहिलेच नव्हते. माझ्यात राहणारे आन्सेल्म कुर्तो यांनी तो लिफाफा उचलला, पत्ता वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यांनी जन्मभर एका छापखान्यात मुद्रिते तपासली. दुसऱ्याची चूक सापडली की कडेला बारीकशी खूण करायची आणि वर क्षमा मागायची, असा त्यांचा स्वभाव.

"हे माझं नाही," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्याच्या नावाचे पत्र फोडायचे नाही, हे त्यांना लहानपणी आईने शिकवले होते. त्यांनी ते चुलीवरच्या फळीवर नीट उभे करून ठेवले. पत्र ज्याचे त्याच्यापुढे ठेवले, की आपले काम संपले, असे त्यांना वाटले असावे.

आणि मित्रांनो, मला हात नाहीत.

ते पत्र तिथे तसेच बंद उभे राहिले. आत काय लिहिले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या नावाने त्याआधी कधीच काही आले नव्हते.

माझा जन्म आडवा झाला. ही थट्टा नाही. आमच्याकडची लाकडी घरे आधी जमिनीवर निजवून बांधत. सुतारांनी जंगलातली ओकची झाडे तोडून आणली, नदीकाठच्या मोकळ्या जागेत माझ्या भिंती एकेक करून जुळवल्या, प्रत्येक सांध्यावर छिन्नीने आकड्याच्या खुणा कोरल्या, आणि मग मला पुन्हा सुटे करून चौकात आणले. इथे खुणेला खूण लावून मला उभे केले. त्या खुणा अजून माझ्या माळ्यावर आहेत. लाकडांच्या मधल्या जागा माती आणि गवताच्या पेंढ्याने भरल्या, वरून चुना दिला. शेवटचा वासा बसला, तेव्हा सुतारांनी माझ्या कण्यावर एक हिरवी फांदी खिळ्याने ठोकली आणि खाली बसून बराच वेळ पीत राहिले. मला तेव्हा वाटले, ती फांदी म्हणजे मला फुटलेली पालवी आहे. काही दिवसांनी ती वाळली.

मग घरमालकीण आली. तिने चुलीत दातेरी लोखंडी आकडा टांगला, त्याला हंडा अडकवला आणि साऱ्या चौकाला जेवायला बोलावले. आमच्याकडे आकडा टांगल्याशिवाय घर हे घर होत नाही. तोवर ते नुसते लाकूड आणि माती असते. तो आकडा अजून तिथेच लटकतो आहे. तुमचे पत्र त्याच्या वरच्या फळीवर होते.

माझा पहिला मालक लोकरीचा व्यापारी होता आणि त्याला गंमत आवडत असे. त्याने माझ्या कोपऱ्याच्या खांबावर एक डुकरीण कोरून घेतली. ती मागच्या पायांवर बसून सूत कातत होती. हसू नका. किंवा हसा, कारण लोकही हसायचे. बाजाराच्या दिवशी बाया मुलांना म्हणायच्या, "ती बघ, डुकरीण असून केवढं सूत कातते, आणि तू?" दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला पत्ता सांगताना डुकरिणीच्या घरापासून डावीकडे किंवा उजवीकडे, असेच सांगत. मला त्या नावाचा अभिमान होता. पण मी तिला कधी पाहिले नाही. ती माझ्या चेहऱ्यावर होती, आणि आपला चेहरा आपल्याला दिसत नाही.

पुष्कळ वर्षांनी गावात एक मोठी आग लागली. नदीच्या पलीकडची आळी जळून गेली. तेव्हा हुकूम निघाला की, सगळ्या लाकडी घरांनी आपले लाकूड चुन्याखाली झाकावे. चुना लाकडाला नीट धरावा म्हणून गवंड्यांनी माझ्या अंगभर कुऱ्हाडीने खाचा पाडल्या. डुकरिणीचे तोंड फार पुढे येत होते. ते असेल तर चुन्याचा थर सपाट बसत नव्हता. म्हणून ते तोडले.

मी काही म्हणू शकले नाही. गवंडीही वाईट माणूस नव्हता. दोन घाव घातल्यावर तो थांबला, आपल्या जोडीदाराला म्हणाला, "चांगली होती रे," आणि मग तिसरा घातला.

तरी चुना बरा होता. चुन्यातून ओल बाहेर जाते. पावसाळी हिवाळ्यात माझे अंग भिजे आणि वसंतात सुके. माझ्यात टोपीवाला राहिला, मेणबत्त्या करणारा राहिला, एक नर्स राहिली, ती पहाटे परत येऊन जिन्यावरच झोपत असे. लहान मुले माझ्या गोल जिन्याच्या दोरीला धरून घसरली. मी कुणाचेच नाव विसरलेले नाही, पण सगळी सांगत बसले तर हे पत्र टपालपेटीत मावायचे नाही.

मग आन्सेल्मचे वडील आले. फ्युल्झांस कुर्तो. मित्रांनो, त्यांच्याविषयी वाईट ऐकून घेणार नाही, आणि सांगणारही नाही. त्यांच्या पत्नीला खोकला होता, माझा जुना चुना पोपडे धरून गळत होता, आणि त्या काळी सगळ्या गावाला सिमेंटचे वेड लागले होते. एकदा थापले की नातवंडांपर्यंत बघायला नको, असे जो तो म्हणे. फ्युल्झांसने स्वतः परांचीवर उभे राहून गवंड्यांना मदत केली. काम संपल्यावर त्यांनी सगळ्यांना वाइन पाजली, माझ्या नव्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "घे बाई, आता तुला थंडी वाजणार नाही."

चौकानेही कौतुक केले. "अगदी दगडी वाटतं," लोक म्हणाले.

ओल तेव्हापासून आत अडकली. सिमेंट तिला बाहेर जाऊ देत नाही. आधी पेंढा काळा पडला. मग पायथ्याचे लाकूड मऊ झाले. मग ओल हळूहळू कोपऱ्याच्या खांबात चढली. बाहेरून मी ठणठणीत दिसत होते. फ्युल्झांस म्हातारे झाले, गेले, आणि शेवटपर्यंत पाहुण्यांना माझी भिंत ठोकून दाखवत राहिले. ज्याने इतक्या मायेने कोट चढवला, त्याला हा कोट मला गुदमरवतो आहे, हे कसे सांगायचे? मी हिवाळ्यात करकरत असे. ते म्हणत, "लाकूड बोलतंय." ते खरेच बोलत होते.

तर असे दिवस चालले होते, आणि तुमचे पत्र आले. आठवड्याभरात वारशाचे दोन दिवस आले. त्या दोन दिवसांत आमच्याकडे जुन्या इमारती सगळ्यांना उघड्या असतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. धान्यबाजार उघडला, घंटाघर उघडले, वकिलांचे ते कोरीव खिडक्यांचे घरसुद्धा उघडले. तुम्ही सगळे चित्रकलेच्या वह्या घेऊन आलात. माझ्यासमोर थांबलात. तुमच्या शिक्षिका मादाम व्हासर यांनी माझे दार दोनदा वाजवले.

आन्सेल्म पहिल्या मजल्यावर बंद झडपेमागे उभे होते. त्यांचा हात कडीवर होता. मला तो जाणवत होता.

खालून उगेतबाई ओरडल्या, "मस्यू कुर्तो, खाली या की. पोरं आलीत."

"मी... मी घरी नाही," आन्सेल्म वरून म्हणाले.

"बरं. आलात की सांगा."

तुम्ही हसलात आणि पुढे गेलात. मादाम व्हासर जाता जाता म्हणाल्या की, हे घर तसे नवेच दिसते. मी आतून सगळ्या ओकच्या लाकडानिशी सांगू पाहिले. एक पायरी करकरली, एवढेच.

त्या हिवाळ्यात गोठवणारी थंडी पडली. सिमेंटच्या आत साठलेले पाणी गोठून फुगले, आणि एका सकाळी माझ्या कोपऱ्यावरचा सिमेंटचा मोठा तुकडा सुटून खाली पडला. मी त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला असता, पण कशाने? तो बेकरीच्या छपरीवर आदळला. सुदैवाने पावाची रांग आत होती.

नगरपालिकेतून मस्यू ब्रिसार आले. चौकातली बस, खड्डे आणि दिवे त्यांच्याकडे असतात. त्यांनी कोपऱ्यात छत्रीचे टोक खुपसले. ते मुठीपर्यंत आत गेले.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "संपलंय हे. बरंच झालं म्हणायचं. हा कोपरा गेला की बसला वळायला जागा होईल."

"जरा थांबा," उगेतबाई पिठाचे हात कमरेवर ठेवून वर बघत होत्या. "तिथं पाय आहे."

"कुणाचा पाय?"

"डुकराचा. खूर बघा ना. आणि ती सूत कातायची चाती."

"मादाम उगेत, तुम्हाला सकाळी सकाळी हॅम दिसायला लागलं."

"मी पाव विकते, मस्यू ब्रिसार. हॅम तुमच्या मेव्हण्याकडं मिळतं, आणि त्यातही पाणीच जास्त असतं."

मस्यू ब्रिसार हसले. ते काही दुष्ट नाहीत. पण मुठीपर्यंत आत गेलेली छत्री त्यांना दिसली होती आणि खूर दिसला नव्हता. त्यांनी मला लाकडी टेकू लावायला सांगितले आणि कोपऱ्यावर निळी ताडपत्री बांधवली. खूर पुन्हा झाकला गेला.

वसंतात नगरपालिकेच्या बैठकीत माझा विषय निघाला. मला पाडायचे की नाही, यावर शरदात मत घ्यायचे, तोवर कुणाला काही सांगायचे असेल तर त्याने सांगावे, असे ठरले. आन्सेल्म त्या बैठकीला गेले होते. माळ्यावरच्या खुणा त्यांना माहीत आहेत. लहानपणी ते त्यांवरून बोट फिरवत आकडे शिकले. घरून निघण्याआधी त्यांनी आरशासमोर चार वाक्ये म्हणून पाहिली. ती चांगली होती.

परत आले तेव्हा उगेतबाई दुकानाच्या दारातच उभ्या होत्या.

"बोललात?"

"हात वर केला होता."

"मग?"

"त्यांना वाटलं, खिडकी उघडा म्हणतोय." आन्सेल्मनी टोपी काढली. "उघडली त्यांनी."

 उगेतबाई आत जाऊन एक प्लमचा टार्ट घेऊन आल्या आणि त्यांच्या मागोमाग माझ्यात शिरल्या. टार्ट ठेवायला जागा शोधताना त्यांचे लक्ष चुलीवरच्या फळीवर गेले.

"हे काय?"

"पत्र आहे. घराचं."

"घराचं?"

"म्हणजे घराच्या नावानं आलंय. माझं नाही ते."

"आणि मागच्या सप्टेंबरापासून असंच आहे?"

"दुसऱ्याचं पत्र कसं फोडायचं, मादाम?"

उगेतबाईंनी एकदा छताकडे पाहिले. मला वाटते, त्या माझ्याकडेच पाहत होत्या. "मग घराला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "आंधळ्या माणसाचं पत्र आलं तर काय करता? फळीवर ठेवता?" त्यांनी टार्ट कापायच्या सुरीने लिफाफा उघडला आणि कागद आन्सेल्मच्या हातात दिला. "मोठ्यानं. त्याला ऐकू जाईल असं."

आन्सेल्म खुर्चीवर बसले, पुन्हा उठले, आणि उभे राहून वाचू लागले. तुम्ही लिहिले होते:

"प्रिय घरा, आम्ही चौथीचा वर्ग आहोत. आम्ही चौकातल्या सगळ्या घरांची चित्रे काढली आहेत. तुझे काढता येत नाही, कारण तुला चेहरा नाही. तुझे वय काय? तुझ्या आत काय आहे? वारशाच्या दिवशी आम्ही आत आलो तर चालेल का? वर्गाच्या भिंतीवर तुझ्यासाठी आम्ही जागा रिकामी ठेवली आहे. उत्तर दे."

खाली सगळ्यांची नावे होती. एकाने कडेला लिहिले होते, "तू बंद असलेस तरी दे."

आन्सेल्मनी कागद खाली केला. चष्मा काढून पुसला. 

"पोरं त्या दिवशी आली होती," आन्सेल्म म्हणाले. "विचारून आली होती. मला वाटलं, न विचारता आलीत."

"आता काय करणार?"

"आता उशीर झाला. शरदात मत घेतील, आणि मला तर बोलताही येत नाही..."

"तुम्हाला कोण बोला म्हणतंय? पत्र तुमचं नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग उत्तरही तुमचं नाही. घर सांगेल ते लिहा." त्यांनी टार्टचा एक तुकडा त्यांच्यासमोर सरकवला. "आणि एक ऐका. पोरं एकदा इथं आत येऊन गेली, की घरी जाऊन गप्प बसायची नाहीत. आईबापांचं डोकं खातील. आणि नगरपालिकेला मतं आईबाप देतात."

मित्रांनो, अशा रीतीने हे उत्तर सुरू झाले. अक्षर आन्सेल्मचे आहे. मी करकरते आणि ते लिहितात. उन्हाळाभर त्यांनी लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. "मी असे बोलले नसेन" असे मला अनेक ठिकाणी वाटले, पण मी त्यांना थांबवू शकत नाही. मी कुणालाच कधी थांबवू शकले नाही. काल त्यांनी "अभिमान" हा शब्द खोडून "समाधान" लिहिला आणि मग पुन्हा "अभिमान" केला. तो राहू द्या.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरे देते.

माझे वय तुमच्या शाळेतल्या सगळ्या मुलांचे वय एकत्र केले तर कदाचित तेवढे होईल. बेरीज तुम्ही करा.

माझ्या आत गोल जिना आहे, त्याला दोरी आहे. माळ्यावर सुतारांच्या खुणा आहेत, त्यांवर बोट फिरवता येते. चुलीत लोखंडी आकडा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या तुळईवर एका टोपीवाल्याच्या मुलीने आपली उंची खुणांनी कोरत नेली आहे. ती कुठे गेली, मला माहीत नाही, पण उंच झाली होती.

मी उरेन का, हे मला सांगता येणार नाही. माझा कोपरा कुजला आहे, हे खरे आहे. मस्यू ब्रिसार खोटे बोलले नाहीत. वरचे लाकूड मात्र चांगले आहे, आणि सिमेंट काढले तर ते अजून श्वास घेईल, असे मला वाटते. पण माझ्या वाटण्यावर काही नसते. माझ्याबद्दलचे सगळे निर्णय नेहमी माझ्या बाहेर उभ्या राहिलेल्या माणसांनी घेतले. त्यांतले बहुतेक माझ्यावर माया करणारे होते. म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याला काही चढवण्याआधी किंवा त्याचे काही तोडण्याआधी, एकदा आत येऊन पाहा. बाहेरून ठोकून कळत नाही.

आता चेहऱ्याबद्दल. निळ्या ताडपत्रीमागे माझी डुकरीण आहे. तिचे पाय आहेत, चाती आहे, सूत आहे. तोंड नाही. ते कसे होते, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही, आणि मला तर ते कधी दिसलेच नाही. तेव्हा ते तुम्हीच काढा. प्रत्येकाने आपापले काढा. वेगवेगळी झाली तरी चालतील. मी पुष्कळ दिवसांनी बघितली जाईन, ह्यातच मला समाधान आहे. तुमच्या भिंतीवरची ती जागा अजून रिकामी असेल, अशी मी आशा करते. भरली असेल, तर मागच्या बाजूला कुठेतरी लावा.

या. शनिवारी किंवा रविवारी, दोन्ही दिवस. दार वाजवायची गरज नाही.

पत्र इथे संपले; पुढचे त्यात नाही. आन्सेल्मनी लेखणी ठेवली आणि माझे नाव काय लिहायचे म्हणून थांबले. आधी त्यांनी "राखाडी घर" लिहिले. मग ते खोडून "डुकरिणीचे घर" लिहिले, आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, लिहिणाऱ्याचे म्हणून स्वतःचे नाव घातले. लिफाफा चिकटवला. वही, शाई, चष्मा सगळे जागच्या जागी ठेवले, म्हणजे आता नेहमीसारखे उद्यावर जाणार, असे मला वाटले.

पण त्यांनी टोपी घातली.

खाली बेकरीतून उगेतबाईंनी विचारले, "निघालात कुठं, मस्यू कुर्तो? घरी आहात की नाही?"

"आहे," ते म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

पिवळी टपालपेटी बेकरीच्या पलीकडच्या भिंतीवर आहे. मला ती दिसत नाही, पण तिच्या झाकणाचा आवाज मला ओळखू येतो. आन्सेल्मची पावले तिथवर गेली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मी मला शक्य तेवढे शांत राहिले. मग झाकण वाजले.

इतकी वर्षे हा माणूस पाव आणायला जातानासुद्धा मला दोनदा कुलूप घालत असे. आज जाताना त्यांनी माझे दार उघडे ठेवले होते, आणि त्यातून लिंडनची काही पिवळी पाने आत आली होती.